चिकटवलेले कागद

ताईंनी मला पहिलं काम दिलं ते फोटो काढण्याचं. भोपाळमधलं एक खाजगी हॉस्पिटल, गरज पडेल तशा खोल्या जोडत वाढलेलं, त्यामुळे आत शिरलेला माणूस हमखास चुकणार असं. तिथे नवे दिशादर्शक फलक करायचे होते. मी अक्षरं, रंग, पिक्टोग्राम असं सगळं डोक्यात घेऊनच गेले होते. त्या म्हणाल्या, "छापील बोर्ड सोडून दे. सेलोटेपने चिकटवलेला एकेक कागद टिपून आण."

कागद भरपूर निघाले. 'पर्ची यहाँ नहीं बनती.' 'एक्स-रे पीछे की तरफ है.' 'डॉक्टर साहब अब ऊपर बैठते हैं.' एका खिडकीवर तर लाल स्केचपेनने लिहिलेलं, 'कृपया बार-बार न पूछें.' काहींना लॅमिनेशन, काहींवर जुन्या टेपवर नवी टेप. मजल्याच्या नकाशावर मी त्यांच्या खुणा केल्या तेव्हा दिसलं की ते सगळीकडे पसरलेले नाहीत. जिन्याच्या तोंडाशी, पर्चीच्या खिडकीला आणि लॅबच्या वळणावर नुसती दाटी.

"ही माणसं डिझायनर नाहीत," ताई म्हणाल्या, "पण इमारत कुठे फसलीय ते त्यांना आपल्या आधी कळलंय. फुकटात सर्व्हे मिळाला की नाही?"

मी एनआयडी मध्य प्रदेशची विद्यार्थिनी, कम्युनिकेशन डिझाइनची. आमची संस्था शहराबाहेर आचारपुऱ्याला आहे. २०१९ साली सुरू झाली, त्यामुळे 'सीनियर काय करतात ते बघ' या शिरस्त्याने शिकायची सोय जरा कमीच. वर्गात आम्ही पर्सोना तयार करायचो. 'रामलाल, वय ४५, शेतकरी, जिल्हा विदिशा, शिक्षण कमी, शहराची भीती.' ज्युरीला रामलाल आवडायचा. हॉस्पिटलच्या बाकावर खरोखरचा विदिशाचा शेतकरी भेटला तेव्हा त्याने डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन ठेवला होता, रिपोर्टांची फाइल बायकोच्या पिशवीत दिली होती, आणि शहराला न घाबरता तो सरळ गार्डकडे जाऊन विचारत होता.

ताई नात्यातल्या कुणी नव्हेत, मी त्यांच्या डिझाइन ऑफिसात शिकाऊ. साइटवर त्या 'मॅडम', ऑफिसात आम्ही दोघीच असलो की 'ताई'. १९५६ साली नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली, तेव्हा नागपूरच्या सचिवालयातले कितीतरी कर्मचारी फायलींबरोबर इकडे आले. त्यांतच त्यांचे आजोबा. तीन पिढ्या इथे गेल्यावर घरातलं मराठी टिकलंय, पण त्यात 'तू आरामसे ये, मी निकलते' असं काहीबाही सहज येतं. शिकल्या मात्र पवईला, आयआयटीच्या आयडीसीत. १९६९ साली सुधाकर नाडकर्णींनी उभी केलेली ही संस्था. ताई तिथे होत्या त्या काळात अक्षररचनेचा वर्ग र. कृ. जोशींकडे होता. विंडोजवर मराठी टाइप केलेल्या प्रत्येकाने जोशींचा 'मंगल' पाहिलेला आहे, कुणी केला हे माहीत नसलं तरी.

दुसरं काम त्याहून विचित्र होतं. दारातल्या गार्डजवळ उभं राहायचं, लोक काय विचारतात आणि तो काय सांगतो ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं, मध्ये बोलायचं नाही. सोनोग्राफी कुठे? "सीधे जाओ, पानी की मशीन से उल्टे हाथ." व्यवस्थापनाने दिलेल्या यादीत त्या खोलीचं नाव 'इमेजिंग विभाग, ब्लॉक बी' होतं. ब्लॉक बी हा शब्द मी तिथे असेपर्यंत कुणाच्याही तोंडून ऐकला नाही. डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आम्हा सगळ्यांना चार्ल्स आणि रे ईम्स यांचा १९५८चा अहवाल वाचायला लागतो, आणि त्यातला लोटा पाठच होतो: कुणा एकाने न घडवलेला, पिढ्यान्‌पिढ्या हातांत फिरून नेमका झालेला. गार्डचं ते वाक्य असाच एक लोटा होता. वर्षानुवर्षं तोच प्रश्न ऐकून त्यातलं अनावश्यक ते सगळं झिजून गेलेलं.

भोपाळमध्ये रस्ता सांगण्याची पद्धत हा खरं तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. जुन्या शहरात मोहल्ल्यांना वारांची नावं: इतवारा, मंगलवारा, बुधवारा, जुमेराती. पुण्याच्या पेठा माहीत असलेल्याला इथे परकं वाटायचं कारण नाही. तलावाच्या अलीकडे, राजधानीसाठी वसवलेल्या नव्या भोपाळात मात्र आकड्यांचं राज्य. पाच नंबर, दहा नंबर, अकरा नंबर, आणि माझं सर्वांत लाडकं, साडेसहा नंबर. बसथांब्यांचे हे क्रमांक लोकांच्या तोंडी वस्त्यांची नावं होऊन बसलेत. जोडीला चौऱ्याहत्तर बंगले, पंचेचाळीस बंगले, साडेबाराशे. टी.टी. नगर म्हणजे तात्या टोपे नगर, हे कळल्यावर मी रिक्षात पूर्ण नाव घेऊन पाहिलं, रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "कहाँ?" हबीबगंज स्टेशनचं नाव २०२१ साली राणी कमलापती झालं, तरी रिक्षा अजून हबीबगंजलाच जाते. बोर्डवरचं नाव आणि तोंडातलं नाव यांच्यात एवढं अंतर असलेल्या शहरात फलकांचं काम करायचं म्हणजे कुणाचं ऐकायचं, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून टेबलावर होता.

एका रविवारी ताई मला भारत भवनला घेऊन गेल्या. मी तिथे आधीही गेले होते, चित्रं बघायला. या वेळी चित्रं बघायची नव्हती. चार्ल्स कोरियांनी केलेली ही इमारत, १९८२ साली खुली झालेली. आपण रस्त्याच्या पातळीवरून शिरतो आणि ती समोर दिसतच नाही. गच्च्या आणि खोलगट चौक पायऱ्या-पायऱ्यांनी तलावाकडे उतरत जातात, आणि दालनं त्या चौकांच्या कडेला दडलेली. "पाय कुठे वळतायत ते बघ," एवढंच त्या म्हणाल्या. उतार होता तिकडे पाय वळत होते. उजेड होता तिकडे मान. खाली पोचल्यावर लक्षात आलं की एवढं चालताना मी एकही बाण शोधला नव्हता. परतताना ताई म्हणाल्या, की फलक म्हणजे इमारतीने दिलेली कबुली, की माझं मला सांगता आलं नाही. त्यांचं हे म्हणणं मला पूर्ण पटत नाही, अजूनही. प्रत्येक हॉस्पिटलला कोरिया मिळत नाही, आणि पोट दुखणाऱ्या माणसाला उताराचं सौंदर्य दाखवत बसता येत नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की आम्ही आधी फलक वाढवले नाहीत, कमी केले. जिन्याच्या तोंडाशी एक कपाट होतं, ते हलवायला लावलं. त्यामागचा पॅसेज दिसू लागला आणि तिथले तीन कागद आपोआप निरुपयोगी झाले.

मग अक्षरं. इथे मला वाटलं, आता आपलं राज्य. पण स्क्रीनवर काहीच ठरवायचं नाही, असा ताईंचा दंडक. खऱ्या मापाचा प्रिंट काढायचा, कागद जोडून भिंतीवर लावायचा आणि पॅसेजच्या टोकाला जाऊन उभं राहायचं. दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर, हा धंद्यातला ठोकताळा रोमन लिपीसाठी आहे. देवनागरीत तो फसतो. आपल्या अक्षराला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांना जागा ठेवावी लागते, म्हणून त्याच मापात अक्षराचं अंग बारीक होतं. 'स्त्री एवं प्रसूति रोग' आणि त्याखाली तेवढ्याच मापाची इंग्रजी कॅपिटल अक्षरं लावून पाहिली, तर दुरून फक्त इंग्रजी दिसत होतं. आम्ही हिंदी मोठी करत गेलो. डोळ्यांच्या ओपीडीबाहेर थांबलेल्या आजी-आजोबांना वाचायला सांगत गेलो, आणि ते अडखळायचे थांबले तेव्हा माप ठरलं.

एका अक्षरावरून मात्र चांगलीच जुंपली. मी भुसावळची. आमच्या स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर मराठीत 'भुसावळ' आणि हिंदीत 'भुसावल' असं दोन्ही असतं; लिपी एकच, पण लहानपणापासून डोळ्यांना दोन वळणांची सवय. हाताने रेखाटताना माझा ल पाकळीचा आला आणि श देठाचा, शाळेत शिकवला तसा, २००९च्या शासननिर्णयाने महाराष्ट्रात प्रमाण धरला तसा. हिंदीत ल दांड्याचा असतो. ताई म्हणाल्या, "हा ल भुसावळला ठेव." मी म्हटलं, लोकांना दोन्ही वाचता येतात. दोन्ही लावून पाहिले, खरंच वाचता येत होते, कुणी अडलं नाही. तरी दांड्याचाच राहिला. "वाचता येणं वेगळं आणि लक्षातही न येणं वेगळं. हॉस्पिटलात दुसरं हवं."

आकड्यांचा वाद मी जिंकले. माझं म्हणणं होतं की प्रत्येक दाराला मोठा क्रमांक द्यावा. ज्या शहरात साडेसहा नंबर चालतो तिथे सात नंबरची खोली सहज चालेल. ताईंना ते सरकारी कचेरीसारखं वाटत होतं. शेवटी तात्पुरते कागदी आकडे लावले आणि गार्डला सांगितलं. दुपारपर्यंत तो "पानी की मशीन से उल्टे हाथ, सात नंबर" म्हणायला लागला, आणि संध्याकाळी नुसतं "सात नंबर". ताईंनी काही कौतुक केलं नाही. माझं ड्रॉइंग उचलून फॅब्रिकेटरच्या फायलीत टाकलं.

फॅब्रिकेटर जहांगीराबादेत. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी माझं रेखाटन उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "बिटिया, ये टंगेगा किस पे?" भिंत नव्हतीच ती, जिप्सम बोर्डाचं पार्टिशन होतं, लोखंडी फ्रेम त्याला पेलली नसती. म्हणून हलकी एसीपी शीट आली. चकचकीत ॲक्रिलिकवर ट्यूबलाइट पडली की अर्धा शब्द नाहीसा होतो, म्हणून मॅट फिनिश. मग त्यांनी माझ्या 'दंत रोग'वरच्या अनुस्वारावर बोट ठेवलं. "बिंदी सबसे पहले उड़ती है." व्हिनाईलमधून अक्षर कापलं की अनुस्वार हा एक सुटा, चिमुकला तुकडा असतो, सफाईवाल्या मावशी ओल्या फडक्याने पुसतात तेव्हा पहिला तोच निघतो. कुठल्याही टायपोग्राफीच्या पुस्तकात मला हे भेटलं नव्हतं. आम्ही टिंब जाड केलं आणि कापलेल्या अक्षरांऐवजी सबंध छापून वर लॅमिनेशन घेतलं.

कोटेशन कसं करतात हेही मला तिथेच कळलं, ताईंच्या शेजारी खुर्ची ओढून. डिझाइन फी, मटेरियल, फॅब्रिकेशन, फिटिंग, अठरा टक्के जीएसटी, निम्मी रक्कम कामाआधी. शेवटी एक ओळ: 'फलक लागल्यानंतर एका महिन्याने पाहणी व दुरुस्ती.' घासाघीस सुरू झाली तेव्हा समोरच्यांचा पहिला हात याच ओळीवर पडला. ताईंनी स्वतःच्या फीमधून रक्कम कमी केली, ती ओळ ठेवली. महिन्याने त्या ओळीचा उपयोग कळला: लॅबच्या रिपोर्टची खिडकी मधल्या काळात बदललेली होती आणि आमचा बाण लोकांना जुन्या, बंद खिडकीकडे पाठवत होता. दोन फलक बदलावे लागले.

गुरुपौर्णिमेला आमच्या क्षेत्रातही फोटो आणि नमस्कारांचा पूर येतो. त्याच क्षेत्रात 'शिकायला मिळतंय ना' म्हणून विद्यार्थ्यांना फुकट राबवून घेणारेही कमी नाहीत. ताई फोन उचलत नाहीत, रात्री अकराला मत बदलतात, काय चुकलं ते कधी सांगत नाहीत. पण स्टायपेंड महिन्याच्या पहिल्या तारखेला येत असे, आणि कोटेशनमध्ये माझ्या कामाची वेगळी ओळ होती, रकमेसकट. भुसावळला वडिलांना ते दाखवलं तर रेल्वेत उभा जन्म नोकरी केलेला तो माणूस ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "म्हणजे तुझं काम बिलात धरलंय."

परवा एका शाळेच्या कामासाठी ताईंनी मला एकटीलाच पाठवलं. ट्रस्टी वयस्कर होते. कोटेशन वाचून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बेटा, कुछ तो कम करो. ये आख़िरी वाली लाइन हटा दो, बोर्ड एक बार लग गया तो लग गया." मी म्हटलं, ती सोडून बाकी सगळ्यावर बोलू. त्यांनी चहा मागवला आणि आम्ही मटेरियलपासून सुरुवात केली.