खुंटीवरची हलगी

लातूरच्या एका डाळमिलमधी माझ्या जोडीला पोती उचलणारा दोस्त आहे. नांदेड जिल्ह्यातला, मुखेडकडचा. मातंगाचं घर. घरानं येशू धरला. धरला म्हंजे काय? हलगी खुंटीला टांगली. दारू सोडली. मरीआईचा गाडा आला की दार लावून घेतलं. मालक म्हणला, "देवीपुढं वाजवायचं कुणी मग?" बाप म्हणला, "ज्याची देवी त्यानं."

त्या एका वाक्यापायी बापाचं साल मोडलं.

मित्रांनो, घरात बसून प्रार्थना करा, गावाला काही देणंघेणं नाही. पण देवाच्या नावानं माथी मारलेलं काम टाकलं, की गाव पेटतं. २२ प्रतिज्ञा घेतलेल्यांना हे सांगायला नको.

आणि सरकार? १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदू धर्माला बांधल्या. १९५६ ला शीख आत घेतले. आपण बौद्ध १९९० ला, धर्मांतरानंतर ३४ वर्षांनी. दलित ख्रिस्ती अजून बाहेरच. गाव म्हणतं, तू मांगच. कागद म्हणतो, तू मांग नाहीस. मार खायला जात आहे, हक्क मागायला नाही.

आपल्यातले काहीजण त्याला हसतात. म्हणतात, परका देव धरला. येवल्याला १९३५ साली बाबासाहेबांनी धर्म सोडायची घोषणा केली, तेव्हा कुठला धर्म घेणार ते ठरलेलं नव्हतं. आधी जोखड झुगारायचं ठरलं होतं.

त्याचा देव मला पटत नाही. खुंटीवरची हलगी पटते. त्याच्या कागदासाठी मोर्चा निघाला, तर निळा झेंडा पुढं पाहिजे.