किल्ली

बँकेत बावीस वर्षे खर्डेघाशी केलेल्या माणसाने घरच्या कॉम्प्युटरवर स्वतः लिनक्स चढवू नये. मी चढवले. झकास चालले! पेनड्राइव्ह काढून चिरंजीवांना दिला, आणि दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर एकच ओळ : ‘नो बूटेबल डिव्हाइस’. आत कैलासवासी आईचा आवाज होता. सौ. काही बोलली नाही. तेच जास्त लागले.

रात्री उलगडा झाला. कॉम्प्युटरला जागे करणारा ‘ग्रब’ मी हार्डडिस्कऐवजी पेनड्राइव्हवरच बसवला होता. म्हणजे तिजोरी शाबूत, किल्ली चिरंजीवांच्या दप्तरात! पेनड्राइव्ह लावताच स्वारी उठली. मग चेकावरचे नाव वाचावे तसे हार्डडिस्कचे नाव दोनदा वाचून ‘ग्रब-इन्स्टॉल’चा हुकूम सोडला.

आई म्हणाली, “जेवलास का रे?”

सौ. म्हणाली, “आधी हिची दुसरी प्रत काढा.”