शकुंतला आणि बार्शी लाइट : रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची

१/
रेल्वेमार्ग केवळ प्रवासी घटल्यामुळे बंद पडतो असे नाही. पुष्कळदा त्यावर खर्च करणे हे नेमके कोणाचे कर्तव्य, हेच ठरलेले नसते. महाराष्ट्रातील दोन नॅरोगेज मार्गांचा इतिहास या दृष्टीने शेजारी ठेवून वाचण्याजोगा आहे.

२/
पहिला मार्ग वऱ्हाडातला. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला (११३ किमी), दुसरा अचलपूरला (७६ किमी). वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात आणि तेथून विलायतेच्या गिरण्यांत पोहोचावा, हा मूळ हेतू. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. कारभार किलिक निक्सन या पेढीकडे.

३/
गाड्या मात्र कंपनी चालवीत नसे. ते काम करारान्वये जी.आय.पी. रेल्वेकडे होते आणि उत्पन्नातला वाटा कंपनीला मिळे. १९५१ मध्ये जी.आय.पी. मध्य रेल्वेत विलीन झाली. ही व्यवस्था मात्र टिकून राहिली. सरकारी गाडी खासगी रुळांवरून धावत राहिली.

४/
दुसरा मार्ग बार्शीचा. मुंबई-सोलापूर लोहमार्ग बार्शीला बगल देऊन गेला होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी असा अडीच फुटी मार्ग सुरू केला. हलके रूळ आणि प्रत्येक आसावर जास्तीत जास्त पाच टन भार, हे त्याच्या काटकसरीचे सूत्र.

५/
हा मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. लातूरच्या बाजारपेठेचा माल आणि विठ्ठलदर्शनाला निघालेले वारकरी, दोघांचाही त्याला आधार होता. हीसुद्धा खासगी कंपनीच. पण १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली.

६/
येथून दोन्ही वाटा वेगळ्या झाल्या. बार्शी लाइटचे रूळ आणि गाड्या एकाच धन्याच्या झाल्या. शकुंतलेच्या बाबतीत कंपनीला नवी गुंतवणूक करण्याचे कारण उरले नाही आणि परक्याच्या रुळांवर सार्वजनिक पैसा ओतण्यास रेल्वे अनुत्सुक राहिली.

७/
परिणाम रुळांवर दिसू लागला. वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढत होते. त्यानंतर डिझेल आले, तरी जीर्ण मार्गामुळे वेग रखडलेलाच राहिला. ज्याला एसटीचे भाडे परवडे, तो एसटीकडे वळला. उरले ते शेतमजूर, बाजारकरू आणि लहान खेड्यांतील लोक. त्यांच्यासाठी स्वस्त तिकीट हाच प्रवासाचा आधार होता.

८/
मग तोट्याचे आकडे पुढे केले गेले. पण प्रवासी घटले म्हणून मार्ग खालावला, की मार्ग खालावला म्हणून प्रवासी घटले? शकुंतलेच्या बाबतीत दुसरे उत्तर अधिक पटते. गेल्या दशकात दोन्ही फाट्यांवरील गाड्या थांबल्या.

९/
केवळ सरकारी मालकीने सारे साधते, असेही नव्हे. बार्शीच्या मार्गालाही ब्रॉडगेज होण्यासाठी सुमारे अर्धशतक वाट पाहावी लागली. परंतु तेथे जाब विचारण्यासाठी एक दार होते. वऱ्हाडातील प्रवाशाला दोन दारे होती आणि प्रत्येक दार दुसऱ्याकडे बोट दाखवीत होते.

१०/
म्हणून शकुंतलेची कथा केवळ स्मरणरंजनाची नाही. सार्वजनिक सेवेच्या करारात नफ्याच्या वाटणीइतकीच दुरुस्तीची जबाबदारीही स्पष्ट लिहावी लागते. ती सुटली, की तिची किंमत करारावर सही न केलेला प्रवासी मोजतो.