मिठाची पुरचुंडी

श्रीलंकेच्या नैर्ऋत्य भागात सिंहराजा नावाचे सदाहरित पर्जन्यवन आहे. १९७० च्या दशकात येथील वृक्ष प्लायवुडसाठी तोडले जात असत. लोकविरोधामुळे ती तोड थांबली आणि १९८८ साली युनेस्कोने या वनास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

कुडावा येथून वाटाड्यासह आम्ही केकुणा एल्ला पाहण्यास निघालो. ‘एल्ला’ म्हणजे सिंहली भाषेत धबधबा. ओल्या पाचोळ्यात जागोजागी जळवा होत्या. वाटाड्याने मिठाची पुरचुंडी दिली. मीठ पडताच जळू आकसून गळते आणि बहुधा मरतेही.

थोड्याच वेळात माझ्या पोटरीवर एक जळू दिसली. तिचा दंश जाणवलाही नव्हता. आपल्या शास्त्रात जळू द्वींद्रिय जीव मानली आहे, हे मला पाठ होते. तरीही हात पुरचुंडीकडेच गेला.

“थांब,” आई म्हणाली, “ती तिच्या घरी आहे. पाहुणे आपण.”

तिने नख हलकेच जळूच्या तोंडाखाली सरकवून तिला सोडवले आणि पानावर ठेवले. रक्त बराच वेळ वाहत राहिले, कारण जळूच्या लाळेने ते लवकर गोठत नाही.

पुढे दाट झाडीत धबधबा दिसला. काळ्या कातळावरून पांढरे पाणी उतरत होते. पाण्यात न उतरता आम्ही काठावरच बसलो. जयणा मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ती आचरताना प्रथमच माझी परीक्षा झाली, आणि आई नसती तर मी नापास झालो असतो.

परतताना वाटाड्याला पुरचुंडी न उघडताच परत केली.