उसातला निन्जा

मंडळी, सोलापूर रोडचं नाव काढलं की तुम्हाला काय आठवतं? हडपसरचं ट्रॅफिक, उरुळी कांचन, आणि फार तर थंडीतली एखादी हुरडा पार्टी. त्याच्याही पुढे, यवत ओलांडलं की भांडगाव लागतं. पुण्याहून पन्नासेक किलोमीटर, तालुका दौंड, माझं आजोळ. हायवेवरून बघाल तर थांबावंसं वाटणार नाही. धाबे, कारखान्यांच्या शेड, ट्रकच्या रांगा. पण आत वळलात की ऊस सुरू. डोक्याच्या वर गेलेला, इतका दाट की दोन हातांपलीकडचं दिसत नाही.

2025 च्या डिसेंबरात गेले तेव्हा बॅगेत व्हीआर हेडसेट होता. मामेभावाची फर्माईश! सध्या मी 'आराशी: कॅसल्स ऑफ सिन'च्या जाम प्रेमात आहे. 2021 मध्ये प्लेस्टेशनवर आलेला हा गेम 2023 च्या अखेरीस क्वेस्टवरही आला. जुना, यादवीतला जपान. तुम्ही केन्शिरो, सोबतीला हारू नावाचा लांडगा, आणि एकेक किल्ला शत्रूच्या तावडीतून सोडवायचा. समोरासमोर भिडता येतं, पण खरी मजा लपतछपत जाण्यात. खांबाआडून मान काढून बघायचं, पहारेकऱ्याची पाठ फिरेपर्यंत श्वास रोखायचा. पाऊण तासात मांड्या भरून येतात, जिमची फी वसूल. (5 एप्रिल 1663 ची रात्र, लाल महाल, आत शाइस्तेखान. करा की यावर कुणीतरी असा झकास गेम!)

पडवीत भावाने तासभर धुमाकूळ घातला. मामी चहाचे कप धरून लांब उभी, "अगं, ह्यो भिंतीवर आपटंल!" मग मामांची पाळी. मला वाटलं, बटणं सापडेनात म्हणून वैतागतील. त्यांनी हेडसेट चढवला आणि पहिल्यांदा काय केलं, तर मागे वळून बघितलं. मग डावीकडे, उजवीकडे, पुन्हा मागे.

"मामा, पुढे चला ना!"

"आधी मागं बघावं गं. म्होरचं तर दिसतंयच."

ही सवय त्यांना गेमने लावलेली नाही. त्या आठवड्यात मोटरची लाईट रात्रीची होती. साडेदहाला मामा दारं धरायला निघाले. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात घुंगरं बांधलेली काठी, खिशातल्या मोबाईलवर फुल्ल आवाजात गाणी. वाटेत उगाचच खाकरायचं, शेजारच्या वावरातल्या माणसाला हाक मारायची. गेममध्ये पायाखाली काडी मोडली तरी पहारेकरी धावून येतो. इथे माणूस आवाज करत चालतो, कारण उसात बसलेल्याला तो येतोय हे कळायला हवं.

उसात बिबट्या असतो. दौंड-शिरूरच्या बागायती पट्ट्यात ही आता बातमी राहिलेली नाही. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. आत पाणी, सावली, रानडुकरं, वस्तीवरची कुत्री. मादी तिथेच पिल्लं घालते. तोडणीत पिल्लं सापडली की वनखात्याची माणसं ती रात्री त्याच जागी ठेवतात, आई येऊन घेऊन जाते. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोल्याच्या (नगरचं अकोले, विदर्भातलं नव्हे) शेतीपट्ट्यात कॅमेरे लावून मोजणी केली होती. 2013 च्या त्या पेपरात शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच बिबटे निघाले. भरवस्तीत, आणि बहुतेकांच्या नजरेलाही न पडता. केन्शिरो काय लपेल!

गेममध्ये निन्जा आपण असतो आणि पहारेकरी बावळट. उसात नेमकं उलटं. आणि इथे 'रीस्टार्ट' नाही. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत दोन लहान मुलं आणि एक म्हातारी बाई बिबट्याच्या हल्ल्यात गेली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला वनखात्याने एका बिबट्याला गोळी घातली. त्यानंतरचे फोटो तुम्ही पाहिले असतील, गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला चाललेल्या बायका. बिबट्या मान धरतो म्हणून. मी फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मनात आलं, हे कुठल्या गेमचं चिलखत? आजोळी चार दिवस राहिल्यावर तसं वाटेना. मामींना विचारलं, तुम्ही घालाल? त्या म्हणाल्या, "वाकून काम करायचं तर मान उघडीच की. दिवसा लाईट दिली तर रातचं जायलाच नको." दिवसाच्या विजेसाठी सौर कृषी वाहिनी योजना आहे. मामांच्या पाळीत मात्र अजून रात्रच येते.

त्या रात्री ते दोन वाजता परतले. गाणी आधी ऐकू आली, मग बॅटरी दिसली. मामी तोवर जाग्याच होत्या.

जाणार असाल तर पहाटे निघा. भांडगावच्या पुढे चौफुल्यावरून सुप्याकडे वळलात की मयूरेश्वर अभयारण्य. 1997 चं, जेमतेम 5.14 चौरस किलोमीटरचं गवताळ माळरान. चिंकारा बहुधा दिसतोच, नशीब जोरावर असेल तर खराखुरा लांडगाही. तिथे गाणी बंद ठेवा. परतताना भांडगावात गूळ घ्या. उसाच्या कडेला अंधारात खाली बसून सेल्फी वगैरे काढू नका, आणि गाडीपर्यंत चालताना गप्पा मारा, मोठ्यानं.