नाव काढलं

तर झालं असं, की गेल्या दिवाळीत मामाने हर्णैजवळच्या घरातल्या दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या आणि "तू कंप्युटरवाला ना, मग एक वेबसाइट करून दे" असं फर्मान सोडलं. शनिवार-रविवारात केली. खोल्यांचे, जेवणाचे फोटो घरचेच होते, पण पहिल्या पानावर सुवर्णदुर्ग हवा होता. गूगलवर शोधला. एक फोटो असा मिळाला की बघतच राहावं. संध्याकाळचं पाणी, मधोमध किल्ला, पुढे एकच होडी. कोपऱ्यात काढणाऱ्याचं बारीक अक्षरात नाव होतं. ते बुकिंगच्या बटणाशी भांडत होतं, म्हणून क्रॉप केलं. विषय संपला.

जानेवारीत मामाला ईमेल आली. त्याने ती मला ढकलली, वर फक्त "हे काय आहे रे?" फोटो काढणाऱ्या गृहस्थांनी साध्या मराठीत लिहिलं होतं: फोटो तुमच्या उपयोगी पडला, बरं वाटलं. वापरायला परवानगी आहेच. फक्त माझं नाव का काढलंत?

आपल्याकडे पोराने नाव काढलं की पेढे वाटतात. मी ते अक्षरशः काढलं होतं.

तो फोटो होता विकिमीडिया कॉमन्सवर, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए ४.० परवान्याखाली. म्हणजे धंद्यासाठीसुद्धा फुकट वापरा, कापा, रंग बदला. अट एवढीच की काढणाऱ्याचं नाव, मूळ फोटोची आणि परवान्याची लिंक द्या, बदल केला असेल तर तसं सांगा, आणि बदललेला फोटो त्याच परवान्याखाली ठेवा. (फोटो, हं. अख्खी वेबसाइट नाही. जीपीएलची धास्ती घेतलेल्या मित्रांसाठी हा खुलासा. :) ) एक ओळ लिहायची होती. मी तर ज्या पानावर हे सगळं लिहिलेलं होतं, ते उघडलंही नव्हतं. गूगलच्या निकालातूनच राइट क्लिक, सेव्ह.

आणि हाच मी ऑफिसात कुठलीही लायब्ररी घेताना आधी लायसन फाइल उघडतो. ज्युनियरने कुठून कोड उचलला तर त्याला अर्धा तास पिळतो. कोड कुणीतरी लिहिलेला असतो, आणि फोटो मात्र गूगलवर उगवतात, असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं.

मग बसून वाचलं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क मिळायला नोंदणी लागत नाही, © सुद्धा नाही. फोटो काढला की हक्क लागू. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो काढणाऱ्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं चालतो. शिवाय कलम ५७ आहे: हक्क विकून टाकले तरी "हे माझं काम" म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. हे वाचून मी ती ईमेल पुन्हा उघडली. त्यांनी पैसे मागितलेच नव्हते.

मागू शकले असते. अट मोडली की परवाना आपोआप रद्द होतो. ४.० मध्ये चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर तो परत लागू होतो, पण झाल्या प्रकाराची भरपाई मागायचा हक्क त्यांना राहतोच. जुन्या ३.० मध्ये तर ही ३० दिवसांची सवलतही नाही. तेव्हा आकडा बघत जा.

मी त्याच रात्री न कापलेला फोटो चढवला, खाली सगळा तपशील लिहिला, आणि माफीची मेल चारदा खोडून पाचव्यांदा पाठवली. तसे साइटवरचे सगळेच फोटो तपासले. समुद्रपक्ष्याचा एक होता, त्याचा मूळ मालक काही सापडेना. काढून टाकला. गूगलच्या टूल्समध्ये वापराच्या हक्कांची चाळणी आहे, पण ती फक्त सुरुवात. मूळ पानावर जावंच लागतं.

गृहस्थांचं उत्तर दोन दिवसांनी आलं. "आता छान दिसतंय. होडी माझ्या मित्राची आहे."

उरला उकडीच्या मोदकांचा फोटो. तो मामीने काढलेला, म्हणून खाली तिचं नाव घातलं. मामाचा लगेच फोन. "मोबाइल मी घेऊन दिलाय, माझं घाल." म्हटलं मामा, मोबाइल कुणाचा याला कायद्यात अर्थ नाही, बटण कुणी दाबलं ते महत्त्वाचं. पैसे देऊन काढून घेतला असतास तर गोष्ट वेगळी. मागून मामीचा आवाज आला, "विचार त्याला, पैसे कधी देणार!"