पेटती कॉफी, वैनगंगेच्या अलीकडे

कॉफी पेटवतात, हे ऐकलंय कधी? कॅपुचिनोच्या फेसावर बदाम काढणारे, फिल्टर कॉफीवरून भांडणारे, कोल्ड कॉफीत आइस्क्रीम टाकून खूश होणारे असे आपण सगळेच. पण 'काफे ब्रुलो' म्हणजे एकदम फिल्मी मामला! खोलीतले लाइट बंद. टेबलावर भांडं, त्यात गरम ब्रॅण्डी, दालचिनी, लवंगा, साखर आणि संत्र्याची साल. काडी लावली की निळी ज्योत भांडंभर नाचायला लागते. वरून कडक काळी कॉफी ओतली की सगळं शांत. मग घराघरात रविवारी सकाळी येतो तसा नाही, तर दिवाळीत येतो तसा वास.

हे पेय अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचं. तिथल्या 1840 पासून चालू असलेल्या 'अँटोइन्स' या रेस्तराँचे ज्यूल्स अल्सियातोर यांच्या नावावर त्याचं श्रेय जातं. काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. पुढे 1920 ते 1933 या काळात अमेरिकेत दारूबंदी आली, आणि म्हणे याची चलती आणखी वाढली. कारण सोपं आहे. कॉफीच्या कपात नेमकं काय आहे, हे दुरून कोणाला कळणार?

हे वाचून मला हसूच आलं. दारूबंदी हा आमच्या घरातला रोजचा विषय. माझं गाव गडचिरोली जिल्ह्यात, कॉलेज नागपूरला आणि सध्या फ्रीलान्सिंग करत मुक्काम चंद्रपूरला. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासोबत गावोगावच्या बायका त्यासाठी उभ्या राहिल्या होत्या. चंद्रपूरच्या बायका 2010 मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर चालत गेल्या. 1 एप्रिल 2015 पासून इथेही बंदी आली आणि 2021 मध्ये सरकारने ती उठवली. त्यामुळे आज परिस्थिती अशी, की मधे वैनगंगा. अलीकडे बार, पलीकडे बंदी. माझ्या किचनमधली ब्रॅण्डीची बाटली पूल ओलांडली की गुन्हा ठरते.

तर, कृती. चार जणांसाठी 100 मिली ब्रॅण्डी, दोन चमचे साखर, दालचिनीचा एक मोठा तुकडा, आठ-दहा लवंगा, एका संत्र्याची आणि अर्ध्या लिंबाची साल, तीन कप कडक काळी कॉफी. मूळ कृतीत साल स्प्रिंगसारखी लांबलचक सोलून तिला लवंगा टोचतात. आपलं नागपुरी संत्रं मात्र सैल सालीचं, ते असे लाड करू देत नाही. सरळ पट्ट्या काढा आणि आतला पांढरा भाग चमच्याने खरवडा, नाहीतर कडवट लागतं. कॉफी चिखलदऱ्याची मिळाली तर क्या बात है, विदर्भाचा मामला विदर्भातच!

ब्रॅण्डी आधी कोमट करावी लागते. थंड ब्रॅण्डीतून पेट घेण्याइतकी वाफ निघत नाही, म्हणून काडीमागून काडी विझते. पण गॅसवर भांडं ठेवून पेटवू नका. कोमट झालं की खाली उतरवा, पंखा बंद, केस बांधा, ओढणी काढून ठेवा आणि भांड्यावर बसेल असं झाकण हाताशी ठेवा. पेटत्या भांड्यात बाटलीतून ब्रॅण्डी कधीही ओतायची नाही. ज्योत धारेवरून बाटलीत चढू शकते. लाइट बंद करायचे ते फक्त रोमान्ससाठी नाहीत. ही ज्योत इतकी फिकट असते, की उजेडात ती विझली की जळतेय तेच कळत नाही.

आता मुद्द्याचं. मागच्या महिन्यात आमच्या ग्रुपला मी ही कॉफी पाजली. टाळ्या, फोटो, सगळं झालं. त्यात एक मित्र आहे, त्याने वर्षभरापूर्वी दारू सोडलीय. सोडताना त्याने काय सोसलं ते आम्ही पाहिलंय. दुसऱ्याने उत्साहात कप त्याच्यापुढे सरकवला, ''घे रे, सगळी जळून गेली, आता नुसती कॉफीच आहे!'' मी तो कप उचलून स्वतःकडे घेतला आणि त्याच्यासाठी वेगळी कॉफी केली. जरा शांतता पसरली. ''तू पण ना, एवढ्या आगीत काय उरणारे?'' असं मला ऐकवलंही गेलं.

पण उरते. चांगली भरपूर उरते. अमेरिकेत 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वयंपाकातली दारू मोजली होती. पेटवलेल्या पदार्थात सुमारे 75 टक्के अल्कोहोल शिल्लक निघालं. कारणही साधं आहे. जळते ती वरवरची वाफ. अल्कोहोल थोडं कमी झालं, पाण्याचं प्रमाण वाढलं, की ज्योत आपोआप मरते. खालचं आहे तिथेच राहतं. आपल्या हिशोबाने 100 मिलीतली 75 मिली धरली, तर प्रत्येक कपात जवळपास 19 मिली ब्रॅण्डी. म्हणजे 30 मिलीच्या छोट्या पेगचा चांगला दोन तृतीयांश. आणि कॉफीने नशा उतरते हाही गैरसमज. झोप उडते, नशा तेवढीच राहते. तेव्हा हा कप रिचवून बाइकची किल्ली उचलू नका.

पुढच्या रविवारी गावी गेले, तेव्हा मोठ्या आईला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. लपवायचं नव्हतं. मोठे बाबा दारूने गेले तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर गावातल्या भट्ट्या बंद करायला निघणाऱ्या बायकांत ही सगळ्यांत पुढे. तिने व्हिडिओ दोनदा पाहिला.

''दारू जळली न? मग पेता काय?''

''जळत नाही गं सगळी. बरीच उरते.''

''मग आग काहून लावता?''

''वासासाठी. आणि दिसायला छान दिसतं.''

''मंग तसं सांगून पाजत जा,'' ती म्हणाली आणि फोन परत दिला. ओरडली नाही. मला तर लेक्चरची तयारी होती!

तेव्हापासून माझ्याकडे या कॉफीच्या दोन आवृत्त्या आहेत. चंद्रपूरची पेटवून, आणि कपात किती दारू आहे ते आधी सांगून. गडचिरोलीची आगीशिवाय. सुकलेली मोहफुलं निवडून, धुऊन पाण्यात उकळायची. इतका गोडवा उतरतो की साखर लागत नाही. गाळून त्या पाण्यात दालचिनी, लवंगा, संत्र्याची साल पाच मिनिटं उकळायची आणि कॉफीत मिसळायची. मोह म्हटलं की सगळ्यांना दारूच आठवते, पण आंबवल्याशिवाय आणि भट्टीवर चढवल्याशिवाय त्या फुलाची दारू होत नाही. नुसतं फूल म्हणजे आमच्याकडचा खाऊ.

मोठी आई पहिला घोट घेऊन म्हणाली, ''लवंग जास्त झाली.'' मग कप संपवला आणि शेजारच्या काकूंसाठी आणखी अर्धा मागून घेतला.